हौसाची दुपार

१

मी डॉक्टर नाही. पनवेल तालुक्यातल्या सरकारी गुरांच्या दवाखान्यांत एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. लस टोचणं, मलमपट्टी, अडलेली म्हैस सोडवणं ही माझी कामं. गावातले लोक मला डाक्टर म्हणत आले आणि मीही ते फारसं कधी खोडून काढलं नाही. या नोकरीने एक गोष्ट मात्र अंगात मुरवली. दुसऱ्याचं जनावर सांभाळायला घेतलं की मालकाचा शब्द चालतो. तो चुकत असेल तर तोंडावर सांगावं, भांडावं, पण त्याच्या माघारी आपलं शहाणपण पाजळू नये. असं करणाऱ्यांना मी चारचौघांत झाडलेलं आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात मला ठाऊक नव्हतं ही सबब चालणार नाही.

निवृत्तीनंतर सुकापूरला राहतो. बैठं घर, बाजूला गोठा, पुढे मातीचं अंगण आणि लोखंडी फाटक. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात. एक बिल्डर दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो. मी मिठाई ठेवून घेतो आणि त्याला परत पाठवतो. घरात मी, माझी मुलगी कोमल आणि तिची मुलगी मनस्वी. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. कोमल नोकरीला जाते ती संध्याकाळी परतते. मनस्वीची शाळा सकाळची, साडेअकराला रिक्षा तिला दारात सोडते. तिथून पुढे ती आणि मी.

मनस्वी आठ वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या डाव्या बाजूत जोर नाही. डाव्या पायाला पट्ट्यांचा बूट असतो. बसली की डावीकडे कलते, चालायचं तर कुणाचा तरी हात लागतो. जिभेत मात्र जोर भरपूर. तिच्या फिजिओथेरपिस्ट स्नेहल मॅडम नवीन पनवेलहून येतात. त्यांनी सुचवलं, अशा मुलांना घोड्यावर बसवलं तर पाठीत बळ येतं. घोडा सावकाश चालला की बसणाऱ्याची कंबर जशी हलते, तशीच ती माणूस चालताना हलते. मला ते लगेच पटलं. प्रश्न होता घोड्याचा.

घोडी तुळशीरामकडे होती. आमच्यापुढच्या गावातला हा आगरी माणूस माझ्याच वयाचा. शर्यतीचे बैल त्याने कधीच विकले, पण ही एक तांबडी घोडी ठेवली होती. नाव हौसा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नंतर दोन महिने तो मोऱ्याला लेकीकडे राहणार होता. त्याला सांभाळणारा हवा होता, मला घोडी.

"घोरी ने डाक्टर," तो म्हणाला. "पोरीला बसव. सकालची बसव, सांजची बसव, माजी ना नाय. पन बारा ते एक तिच्यावर कोनी बसाचा नाय."

"बरं."

"बारा वाजले का खोगीर चरवाचा. हाच खोगीर. अंगनात उभी कराची, तोंड फाटकाकरं. बांधाची नाय, धराची नाय. फाटक उघरा ठेवाचा. एक वाजला का उतरवाचा. आन या रिकिबी हायत तवऱ्याच लांब ठेवाच्या. आखूर नाय कराच्या."

पाय अडकवायच्या त्या रिकिबी चांगल्याच लांब होत्या, उंच माणसाच्या मापाच्या. तुळशीराम स्वतः बुटका.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"तुला घोरी पायजे का जाब पायजे?"

त्याची बायको भामा पलंगावर बॅग भरत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "भाऊ, तवरा पाला म्हंजे झाला."

मला घोडी हवी होती. मी हो म्हणालो.

२

पहिल्या आठवड्यातच घडी बसली. पहाटे खरारा, मग चंदीचा दाणा. मंगळवारी आणि शनिवारी शाळेआधी स्नेहल मॅडम येत. हौसाच्या पाठीवर खोगिराऐवजी जाड गादी बांधायची, गादीला पुढे धरायची कडी, त्यावर मनस्वी. मी लगाम धरून चालायचो, मॅडम बाजूने मनस्वीची कंबर धरून. अंगणात गोल गोल वीस मिनिटं. मनस्वी वरून हुकूम सोडायची. "आजोबा, तुम्ही चुकीच्या गिअरमध्ये आहात."

आणि दुपारी बाराला खोगीर. पहिल्या दिवशी मी चढवलं, पोटाखालचा तंग आवळला, हौसाला फाटकाकडे तोंड करून उभी केली, फाटक उघडलं आणि ओट्यावर बसून मनस्वीला वरणभात कालवून देऊ लागलो. घोडी बांधलेली नाही, फाटक सताड उघडं, पलीकडे रस्ता. जीव टांगणीला होता. पण ती हलली नाही.

बारा वाजून सहा मिनिटांनी तिने डावा पुढचा पाय थोडा बाहेर टाकला आणि तिचं सगळं अंग एकदम डावीकडे ओढलं गेलं. पुढच्या क्षणी ती सरळ झाली, पाठ किंचित दबली, आणि तिने मान उचलून कान पुढे केले.

ज्यांनी घोडा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माणूस घोड्यावर डावीकडून चढतो. रिकिबीत पाय घालून तो वजन टाकतो तेव्हा घोडा त्या बाजूला ओढला जातो आणि पडू नये म्हणून डावा पाय बाहेर रोवतो. माणूस खोगिरात बसला की घोडा सरळ होतो. हे शिकवावं लागत नाही. वजन आलं की शरीर आपोआप करतं.

बरोबर एकला मी उठलो तेव्हा तिने तेच पुन्हा केलं. डावा पाय बाहेर, अंग डावीकडे, मग सरळ. मग तिने नखशिखांत अंग झटकलं. पाठीवरचं ओझं गेल्यावर घोडे झटकतात तसं.

मी स्वतःला समजावलं की ही सवय आहे. बादलीचा आवाज झाला की म्हैस पान्हा सोडते, तिथे धार काढणारा असो वा नसो. हिला वर्षानुवर्षं या वेळी कुणी तरी फिरवलं असेल. जनावराच्या अंगाला घड्याळ असतं, हे मी स्वतः कितीकांना सांगितलंय. स्पष्टीकरण चांगलं होतं. ते मला आठवडाभर पुरलं.

३

भाद्रपद होता. उन्हात मध्येच एखादी सर यायची आणि जायची.

एका दुपारी साडेबाराला अशीच सर आली. खोगीर मालकाचं, कातडं जुनं, भिजू द्यायला जिवावर आलं. पण एकच्या आत उतरवायचं नाही हा शब्द होता. मी ओट्यावरून बघत राहिलो. दहा मिनिटांत पाऊस गेला. एकला हौसाने नेहमीसारखा पाय टाकला, अंग झटकलं, आणि मी खोगीर उतरवायला गेलो.

तिची आयाळ निथळत होती. खोगिराच्या कडा, रिकिबीचे पट्टे, सगळं भिजलं होतं. बसायची जागा कोरडी होती. तिथून दोन्ही बाजूंना खाली उतरणारे, मांडीएवढे रुंद असे दोन पट्टे, तेही कोरडे. मी तळहात टेकवला. खोगीर कोमट होतं.

मला त्या वेळी भीती वाटली असं म्हणणार नाही. मला राग आला. आयुष्यभर ज्या गोष्टीवर पोट भरलं, म्हणजे डोळ्यांनी बघणं आणि हाताने चाचपणं, तिने मला असं तोंडघशी पाडावं?

दुसऱ्या दिवशी मी मनस्वीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. बारा वाजता हौसाला ओल्या मातीवर चार पावलं चालवून उभी केली. तिच्या खुरांच्या ठशांची खोली मोजली तर तीन सेंटिमीटर. पावणेएकच्या सुमाराला तिच्या कानामागे माशी बसली आणि ती दोन पावलं पुढे सरकली. ते ठसे मी एक वाजल्यावर मोजले. पाच. माती तीच, घोडी तीच.

"आजोबा, घोडीचं होमवर्क करताय?" मनस्वीने ओट्यावरून विचारलं.

मी तुळशीरामला फोन लावला. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, आवाज खोल गेला होता.

"येल पालतो ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"पाळतो. तुळशीराम, हिच्यावर कोण बसतं?"

मग फोन भामाने घेतला. "भाऊ, त्यांना नका इचारू. तुमी बसत नाय ना? पोर बसत नाय ना? मंग झाला."

मी घोडी परत करायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच आठवड्याच्या मंगळवारी मॅडमनी पहिल्यांदा मनस्वीच्या कंबरेवरचा हात काढला होता. तीस आकडे मोजेपर्यंत ती वर एकटी बसली. तिसाव्याला डावीकडे कलली, पण तीस आकडे बसली. त्या रात्री कोमलने तो व्हिडिओ जहाजावर पाठवला आणि मला म्हणाली, "बाबा, ही चालेल हो. मला आज पहिल्यांदा वाटलं, ही चालेल." एवढं ऐकल्यावर मी घोडी परत करणार नव्हतो. एक तास पाळायचा होता, तो मी पाळत होतो.

४

शनिवारी सकाळी स्नेहल मॅडमचा फोन आला. त्यांना सकाळी यायला जमणार नव्हतं. "काका, बाराला येऊ का? पुढचे पंधरा दिवस मी रजेवर आहे, आणि मोठ्या डॉक्टरांना मनूचा व्हिडिओ दाखवायचाय. एकला मला निघायचंच आहे."

मी म्हणालो, या.

तुळशीरामला विचारता आलं असतं. फोन समोर होता. विचारलं तर नाही म्हणेल हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. दवाखान्यात असं वागणाऱ्याला मी काय काय बोललो असतो! आणि स्वतःशी हिशेब काय, तर खोगीर चढवतोच आहे, रिकिबींना हात लावत नाही, फाटकही उघडं ठेवतो. मालकाच्या अटींतल्या तीन पाळल्या की बराचसा मान तर राखला.

मॅडम आल्या तेव्हा सव्वाबारा झाले होते. हौसाने बारा वाजून सहा मिनिटांनी पाय टाकला होता. मी ते पाहिलं होतं आणि मान दुसरीकडे वळवली होती. मी मनस्वीला उचललं आणि खोगिरावर ठेवलं.

ती पार पुढे, मानेला टेकून बसली.

"मनू, मागे सरक. मध्ये बस," मॅडम म्हणाल्या.

"मागे जागा नाहीये."

मॅडम हसल्या. "एवढं मोठं खोगीर आणि जागा नाही?"

"नाहीये म्हटलं ना," मनस्वी म्हणाली. चिडलेली नव्हती. गर्दीच्या बाकावर कडेला बसलेलं माणूस सांगतं तशी सांगत होती.

तिथेच तिला उतरवायला हवं होतं. मी चालू लागलो, कारण मॅडमनी मोबाईल धरला होता.

एक फेरी झाली, दुसरी झाली. मनस्वी कलली नाही. जी पोरगी तीस आकड्यांवर ढासळायची, ती ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, कडी नाही, आधार नाही. मॅडमचा आवाज चढला. "काका, बघा! किती सरळ बसलीये! कुणी धरून ठेवल्यासारखी!"

मी वळून पाहिलं.

मनस्वीचे पाय रिकिबींपर्यंत पोचत नव्हते; वीतभर वर लोंबत होते. त्यांच्या खाली रिकिबी होत्या. रिकामी रिकीब पट्ट्याला सरळ खाली लटकते आणि घोडा चालला की त्याच्या पोटावर आपटते. या आपटत नव्हत्या. दोन्ही रिकिबी हौसाच्या पोटापासून चार बोटं दूर होत्या, थोड्या पुढे झुकलेल्या, पट्टे ताणलेले. पाय घातलेल्या रिकिबी असतात तशा.

मी पुन्हा पुढे बघितलं आणि फेरी पुरी केली. आणखी काय करणार होतो?

बारा चाळीसला मॅडमचं काम झालं. मी मनस्वीला उतरवायला हात वर केले. बावीस किलोची पोर, दिवसातून दहा वेळा उचलतो. ती जागची हलली नाही. दुसऱ्यांदा सगळा जोर लावला तेव्हा ती आली, आणि मी तिच्यासकट चिखलात गुडघ्यावर आपटलो. "वय झालं काका," मॅडम म्हणाल्या, आणि मला हात दिला.

हौसावर जो कुणी चढायचा, तो एक वाजता उतरायचा. मी वीस मिनिटं आधी पोरीला ओढून काढलं होतं.

५

मॅडम गेल्या. मी खोगीर तसंच ठेवलं, उरलेली वेळ तरी पाळावी म्हणून. ओट्यावर बसून घड्याळ बघत होतो. मनस्वी खिडकीचा गज धरून उभी होती.

एक वाजला. हौसाने पाय टाकला नाही. ती एका पायावर सैल होऊन डुलकी घेत होती.

माझ्या बाजूला काही तरी घासल्याचा आवाज झाला. मनस्वीचा डावा पाय, तो बुटातला पाय, फरशीवरून सरकत बाहेर गेला. तिचं अंग डावीकडे ओढलं गेलं. मी झेपावलो, पण ती पडली नाही. त्या पायाने आयुष्यात कधी पुरतं वजन घेतलं नव्हतं, त्याने घेतलं. ती सरळ झाली आणि तिने डोक्यापासून पायापर्यंत अंग झटकलं.

"काय झालं ग?"

"काही नाही. भूक लागली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. कोमल घरी होती, भाकऱ्या थापत होती. मी हौसाला खोगीर चढवून अंगणात उभी केली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबलो. बारा वाजून सहा मिनिटं झाली. हौसा शेपटीने माशा वारत राहिली. आत मनस्वी ओट्याला टेकून उभी होती. तिचा डावा पाय बाहेर सरकला, अंग ओढलं गेलं, सरळ झालं. खांदे किंचित खाली दबले. मग तिने ओटा सोडला आणि चालत अंगणात आली. हात न धरता, न कलता.

कोमलच्या हाताला पीठ होतं. तिने तसेच हात तोंडावर ठेवले. "बाबा! बाबा, बघा ना!" ती रडत होती, हसत होती, आणि मी तिच्याबरोबर बघत होतो. मनस्वी अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली, थांबली, परत आली. ओल्या मातीत तिची पावलं उमटली होती. कोमलने तिला मिठी मारली तेव्हा मी वाकून एका पावलात बोट घातलं. ते पाच सेंटिमीटर होतं. हौसाच्या खुराएवढं खोल.

कोमलला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? आणि खरं बोलायचं तर, मनस्वी चालत होती.

६

सोमवारी कोमल गेल्यावर मी उलटा प्रयोग केला. बारा वाजता मनस्वीला पुन्हा खोगिरावर बसवलं, एकपर्यंत बसू दिलं, बाकी सगळं अटींप्रमाणे. जे हौसावरून उतरलं ते पुन्हा हौसावर चढावं म्हणून. मनस्वी खोगिराच्या मधोमध बसली. मागे भरपूर जागा होती. रिकिबी पोटाला चिकटून सरळ लटकत होत्या. बारा वाजून सहा मिनिटं झाली तेव्हा वजन आलं ते मनस्वीच्या खांद्यांवर, आणि हौसाला फक्त तिच्यातून पोचलं.

मंगळवारी ती तुळशीच्या पुढे फाटकाकडे निघाली तेव्हा मी तिला कंबरेत धरलं. ती थांबली नाही. तिचा वरचा भाग माझ्या हातात राहिला आणि पाय पुढे जात राहिले. डाव्या गुडघ्यात कट असा आवाज आला आणि ती किंचाळली. मी सोडलं तशी ती पुन्हा चालू लागली, रडत रडत, पण सरळ. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा सुजला होता. कोमलला मी सांगितलं की पडली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते आठवलं तरी आजही मान खाली जाते.

मी तुळशीरामला मोऱ्याला फोन केला. दोन दिवसांनी तुळशीराम रिक्षातून आला, काठी टेकत, भामाच्या खांद्याला धरून. सकाळचे अकरा वाजले होते, मनस्वी शाळेत होती. त्याने गोठ्यात जाऊन हौसाच्या पाठीवरून हात फिरवला, मणक्यावर बोटं दाबत दाबत. घोडी आरामात चघळत होती.

"मोकली झाली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं ते सांगता येत नाही. हेवा असावा. "बसवलास ना?"

"बसवलं."

"मी सांगला व्हता."

"सांगितलं होतंस." मी खाली बघत होतो. मग मला राग आवरला नाही. "तुझी घोडी, तू मालक, आता तूच काय ते कर! माझ्या पोरीवरून ते काढ!"

तो ओट्यावर बसला, ऑपरेशनचा पाय लांब करून. "घोरी कवा माजी व्हती, डाक्टर? मी पन सांभालीतच व्हतो."

भामाने पदर तोंडाला लावला. साडेअकराला मनस्वी रिक्षातून उतरली, सुजलेला गुडघा सांभाळत, एक हात माझ्याकडे करून. तुळशीराम तिच्याकडे बघत राहिला. हौसाकडे बघायचा तसा.

मग त्याने मला सांगितलं. तेच शब्द, तोच सूर.

"बारा ते एक अंगनात सोराची, तोंड फाटकाकरं. धराची नाय. धरशील तं मोरंल, तू बगलास. फाटक उघरा ठेवाचा. आन तो बुटाचा पट्टा हाय तसाच ठेव, आवलू नको. एक वाजला का तुजी पोर तुजी."

"फाटक कशाला उघडं?"

"जाचा आसंल तं जाऊ दे."

"हौसा कधी गेली नाही."

"नाय," तुळशीराम म्हणाला. "घोरीला मी शिकवला व्हता, थांबाला."

७

तुळशीराम येऊन गेल्याला आज नववा दिवस आहे. घोडी मी परत केलेली नाही आणि तुळशीरामने मागितलेली नाही. या नऊ दिवसांत मी एकही अट मोडली नाही. पट्टा आवळला नाही, फाटक लोटलं नाही, हात लावला नाही. रोज एकला मनस्वीचा डावा पाय बाहेर सरकतो, ती अंग झटकते आणि म्हणते, आजोबा, भूक. मग ती पुन्हा कलते, माझा हात धरते, आणि मला इतकं बरं वाटतं की डोळे भरून येतात. कोमलला ती सुट्टीच्या दिवशी फक्त दुपारी चालताना दिसते. ती म्हणते, थकत असेल बाबा, हळूहळू दिवसभर चालेल.

मी मनस्वीला थांबायला शिकवायचा प्रयत्न केला. घोड्याला शिकवतात तसा, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला की चाल, हलक्या आवाजात "हो, हो" म्हटलं की थांब. सकाळी ती खिदळते. बारानंतर तिला तो ऐकू येत नाही.

त्या पहिल्या रविवारी ती तुळशीपर्यंत गेली होती. मग फाटकापर्यंत. मग फाटकाबाहेर, नव्या इमारतीच्या पत्र्यांपर्यंत. काल गटाराच्या पुलापर्यंत. मी दहा पावलं मागून जातो, हात पाठीमागे बांधून. आजवर रोज ती एक वाजायच्या आधी वळली आहे. ती कुठे वळते आणि घड्याळात किती वाजलेले असतात, हे मी मनस्वीच्याच वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय. वळायची वेळ रोज दोन-तीन मिनिटं पुढे जाते.

आज ती पुलावर थांबली नाही. पूल संपला की कच्चा रस्ता लागतो, आणि पुढे मोठा रस्ता, डंपरचा. ओल्या मातीत तिची लहान लहान पावलं उमटतायत, पाणी भरलेली. पट्टी न लावताही कळतं, आज ती कालच्यापेक्षा खोल आहेत.

"मनू," मी हाक मारली.

ती ताठ चालते आहे, मान वर, कान देऊन पुढचं ऐकावं तशी. तिचे दोन्ही हात पुढे उचललेले आहेत, मुठी मिटलेल्या, आणि कोपरं मागे ओढलेली. कुणी तरी लगाम धरला की घोड्याची मान जशी आखडते, तशी तिची मान आखडली आहे. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत, गालावर, दोन दाबल्यासारख्या रेघा आहेत. त्या मला मघाशी, ती पुलावर किंचित वळली तेव्हा, एकदाच दिसल्या.

धावलो तर मी तिला गाठू शकतो. मोठा रस्ता अजून शंभर पावलांवर आहे. डंपरचा भोंगा ऐकू येतो. धरलं तर काय मोडतं, ते मी पाहिलं आहे. नाही धरलं तर पुढे काय आहे, तेही दिसतं आहे.

एक वाजायला आठ मिनिटं आहेत. मी हात पाठीमागे घट्ट धरले आहेत.